बटाट्याचा श्वास शोधणाऱ्या कमलाबाई

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात चार दिवस माहेरी जाऊन आले. साताऱ्याच्या घरातून पाय काढायचा म्हणजे दहा कामं मागे लागतात. पण एकदा एसटीने कराड सोडलं की माझं मन गाडीच्या आधीच सांगलीला पोचलेलं असतं. माझं माहेर हरिपूरचं. कृष्णा आणि वारणा जिथे भेटतात ते हरिपूर, संगमेश्वराचं. सांगलीकरणींना वेगळं सांगायला नको.

दुपारची वेळ होती. वहिनी ओट्यापाशी बटाटे चिरत होती, मी खाली बसून लसूण सोलत होते आणि दहावीतली भाची तिथेच भिंतीला टेकून विज्ञान पाठ करत होती. प्रकाशसंश्लेषण, पेशीश्वसन, हरितलवक, तंतुकणिका... आपण लहानपणी पाढे म्हणायचो ना, तसं एका सुरात चाललं होतं. मध्येच ती थांबली. टोपलीतला एक बटाटा उचलून तिने मला विचारलं की झाडं पानांनी श्वास घेतात म्हणतात, मग हा बटाटा श्वास घेतो का? याला तर एकही पान नाही, आणि हा तर जन्मभर मातीच्या आत!

वहिनीला हसू आलं. मला मात्र आलं नाही. कारण हाच प्रश्न, हाच बटाटा हातात घेऊन एक मराठी मुलगी नव्वद वर्षांपूर्वी केंब्रिजच्या प्रयोगशाळेत उभी होती, आणि तिने त्याचं उत्तर शोधलंही होतं. त्या होत्या डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत.

त्याच संध्याकाळी घरात दुसरा विषय निघाला. भाचीला अकरावीला सायन्स घ्यायचंय. दादाची ना नाही, पण त्याच्या अटी आहेत. क्लास असो, प्रॅक्टिकल असो, सहाच्या आत घरी. पहिल्या वर्षी मार्क पडले नाहीत तर सायन्स बंद. आणि घरातल्या कामाला सुट्टी नाही. भाची खाली मान घालून ऐकत होती. मला पुन्हा कमलाबाईच आठवल्या. अटी त्यांच्याही वाट्याला आल्या होत्या, आणि त्या घालणारा माणूस साधासुधा नव्हता. म्हणून आज तुम्हाला त्यांची गोष्ट सांगायचीय.

दुर्गाबाईंची धाकटी बहीण

कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. एखाद्या घरात जशी गाण्याची नाहीतर कीर्तनाची परंपरा असते, तशी या घरात रसायनशास्त्राची. मुलीनेही तीच वाट धरावी यात घरच्यांना वावगं काही वाटलं नाही.

आपल्या भागातल्या बायकांना या घरातली थोरली बहीण जास्त ठाऊक असेल. त्या म्हणजे दुर्गाबाई भागवत. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या, आणि ‘खमंग’ नावाचं स्वयंपाकाचं पुस्तकही तितक्याच प्रेमाने लिहिणाऱ्या. १९७५ साली आपल्या कराडला साहित्य संमेलन भरलं, त्याच्या त्या अध्यक्ष होत्या. देशात आणीबाणी होती, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण होते, आणि तरीही दुर्गाबाईंनी व्यासपीठावरून आणीबाणीविरुद्ध ठाम भूमिका घेतली. कराड-साताऱ्याच्या जुन्या माणसांच्या तोंडी तो प्रसंग अजून असतो. त्यांच्या पाठच्या कमलाबाईंची लढाई मात्र व्यासपीठावरची नव्हती. ती प्रयोगशाळेच्या दाराशी झाली, तेही दुर्गाबाईंच्या या प्रसंगाच्या चाळीसएक वर्षं आधी.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या. रसायनशास्त्र मुख्य, पदार्थविज्ञान जोडीला, आणि विद्यापीठात पहिला नंबर! पुढे संशोधन करायचं तर वडील-काका शिकले त्याच संस्थेत, हे जणू ठरलेलंच. अर्ज गेला. उत्तर आलं ते नकाराचं. मार्क कमी म्हणून नव्हे, तर अर्ज करणारी मुलगी आहे म्हणून.

संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० सालचं नोबेल मिळवलेले. साऱ्या देशाला ज्यांचा अभिमान वाटायचा असे शास्त्रज्ञ. संशोधन हे बायकांचं काम नाही असं त्यांचं मत होतं. आता विचार करा, वय बावीस आणि समोर एवढा मोठा माणूस. दुसरी एखादी मुकाट्याने गप्प बसली असती. कमलाबाईंनी थेट बंगळूर गाठलं. नकाराचं कारण विचारलं आणि प्रवेशासाठी हटून बसल्या. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस होते. या मुलीने संचालकांच्या दारातच सत्याग्रह मांडला म्हणा ना!

शेवटी रामन नमले, पण अटी घालून. पहिलं वर्षभर तिला रीतसर विद्यार्थिनी धरणार नाही, काम पाहून मग ठरवू. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करायचं. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये.

तिसरी अट जरा पुन्हा वाचा. मुलं काम करतात तिथे एक मुलगी आली तर वातावरण बिघडेल, आणि ते बिघडू न देण्याची जबाबदारीही तिचीच! हा अपमान कमलाबाई जन्मभर विसरल्या नाहीत. उतारवयातही त्या याबद्दल उघडपणे बोलत. पण त्या वेळी त्यांनी अटी मान्य केल्या. दाराला फट पडली होती, तेवढी त्यांना पुरेशी होती.

मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण शिकवायला मन मोठं. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्ष सरलं, रामन यांनी काम पाहिलं आणि त्यांची खात्री पटली. कमलाबाईंना रीतसर संशोधनाची परवानगी मिळाली. १९३६ साली त्या विशेष प्राविण्यासह एम.एस्सी. झाल्या. आणि मुख्य म्हणजे त्यानंतर या संस्थेची दारं मुलींसाठी उघडली. त्या एका वर्षात कमलाबाई स्वतःची परीक्षा तर देत होत्याच, पण मागून येणाऱ्या साऱ्या मुलींचीही देत होत्या.

दिवसा तिचं टेबल, रात्री त्यांचं

पुढचा टप्पा केंब्रिज. मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर कमलाबाई तिथे पोचल्या. न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजात राहणं, आणि संशोधन सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ साली नोबेल मिळालेले ते हॉपकिन्स. त्यांच्याकडे त्या काळातही बऱ्याच स्त्रिया संशोधन करत असत. तिथे कुणाला वातावरण बिघडण्याची काळजी नव्हती.

अडचण होती ती जागेची. प्रयोगशाळेत टेबल रिकामं नव्हतं. तेव्हा डेरेक रिक्टर नावाच्या शास्त्रज्ञाने आपलं टेबल देऊ केलं. दिवसा कमलाबाईंनी काम करायचं आणि रात्री त्यांनी स्वतः. मला ही गोष्ट फार आवडते. बंगळूरला रात्र तिच्या वाट्याला आली होती ती अट म्हणून. इथे एका पुरुषाने रात्र आपल्याकडे घेतली, का तर तिला दिवस मिळावा!

पुढे रिक्टर दुसरीकडे गेले आणि कमलाबाई रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या. भाचीच्या पुस्तकातल्या प्रकाशसंश्लेषणाशी या हिलसाहेबांचा जवळचा संबंध. पानाच्या पेशीतली हरितलवकं बाहेर काढून, योग्य द्रावणात ठेवून उजेडात धरली तर तीही प्राणवायू सोडतात, हे त्यांनी १९३७च्या सुमाराला दाखवून दिलं होतं. म्हणजे पान अन्न कसं बनवतं याचा माग ते काढत होते. आणि बनलेलं अन्न वनस्पती वापरते कशी, हा प्रश्न कमलाबाईंच्या हाती आला. तो सोडवायला त्यांनी घेतला बटाटा.

पेवातला कंदील

इथे थोडं शाळेतलं विज्ञान सांगते. घाबरू नका, सगळं स्वयंपाकघरातलंच आहे.

हिरवं पान म्हणजे झाडाची चूल. जळण सूर्याचं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी घेऊन पान साखर तयार करतं आणि प्राणवायू बाहेर सोडतं. हे झालं प्रकाशसंश्लेषण. आपल्याकडचा ऊस दुसरं काय करतो? उन्हाची साखर करून कांड्यात साठवतो. बटाट्याचं झाड तीच साखर जमिनीत पाठवतं, पिठाच्या म्हणजे स्टार्चच्या रूपात. आपण खातो तो बटाटा म्हणजे झाडाचं कोठार.

पण कोठारात धान्य असून भागत नाही, ते रांधून पोटात जावं लागतं. पेशीचंही तसंच. साखरेतली शक्ती मोकळी करायची तर तिचं सावकाश ज्वलन व्हावं लागतं, धूर नाही, जाळ नाही असं. त्यासाठी लागतो प्राणवायू. शक्ती मिळते, आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी उरतं. हेच पेशीश्वसन. आपण छातीने हवा आत-बाहेर करतो ती फक्त ने-आण. खरा श्वास चालतो पेशीपेशीत, मुख्यतः तंतुकणिकांमध्ये.

आणि हो, झाडं फक्त रात्री श्वास घेतात असं आपण ऐकत आलोय, ते खरं नाही. झाडं चोवीस तास श्वास घेतात. दिवसा पानं प्राणवायू इतका जास्त बनवतात की श्वासात गेलेला कळून येत नाही. रात्री चूल विझते, श्वास चालूच राहतो.

हे आपल्या हरिपूरच्या माणसांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. हरिपूरची पेवं तुम्ही ऐकली असतील. जमिनीत खोल खणलेली, वर अरुंद तोंड आणि आत पोट मोठं. त्यांत हळद साठवायची. गावोगावी ज्वारीचीही पेवं असत. ज्वारीचा दाणा पेरला की उगवतो, म्हणजे तो जिवंतच की! तो अगदी हळूहळू श्वास घेत असतो. बंद पेवात दाणे, किडे, सूक्ष्मजीव सगळे मिळून प्राणवायू संपवतात. मग किडीलाच जगता येत नाही आणि माल टिकतो. पण त्याच कारणाने नुकतं उघडलेलं पेव माणसाच्या जिवावर उठतं. म्हणून तोंड उघडून ते बराच वेळ तसंच ठेवायचे आणि मग दोरीने कंदील आत सोडायचे. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. लहानपणी आम्ही भावंडं लांब उभी राहून तो कंदील बघायचो. महापुरांनी पुष्कळ पेवं गिळली. आता ती थोडीच उरली आहेत, पण तो कंदील माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

घमेली हातोहात

तर कमलाबाईंचा प्रश्न असा होता. प्राणी श्वास घेतात तेव्हा पेशीत काय घडतं, याचा बराचसा उलगडा तोवर झाला होता. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली प्राण्यांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिनं दाखवली होती. वनस्पतींचं काय? त्यांच्या पेशीतही श्वासाची हीच यंत्रणा असते, की दुसरी काही?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो, हे आपण रोज बघतो. तेही प्राणवायूचंच काम, पण ते करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळं. वनस्पतीचा श्वास नेमक्या कोणत्या विकरावर चालतो, याबद्दल तेव्हा शास्त्रज्ञांत एकमत नव्हतं. कमलाबाईंनी बटाट्यात आणि इतर वनस्पतींत शोध घेतला. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी आहे आणि श्वासाचं काम त्याच वाटेने चालतं, असं त्यांना आढळलं. हिल यांच्याबरोबरचं त्यांचं टिपण १९३९ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं.

सायटोक्रोम सी करतं काय, ते सांगते. घराचा स्लॅब पडताना पाहिलाय ना? खालून वरपर्यंत माणसांची रांग उभी असते आणि घमेली हातोहात वर जातात. पेशीतही अशीच रांग असते. साखरेतून सुटलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे दिले जातात. त्या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी. त्याच्या हातात लोहाचा एक अणू असतो आणि त्याच्या जोरावर तो इलेक्ट्रॉन धरतो आणि पुढे देतो. रांगेच्या शेवटी उभा असतो प्राणवायू. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. या देवाणघेवाणीत जी शक्ती सुटते ती एटीपी नावाच्या सुट्या नाण्यांत जमा होते, आणि पेशी ती लागेल तशी खर्च करते. प्राणवायू नसेल तर शेवटचा गडीच नाही. मग सगळी रांग तुंबते. पेवात उतरलेल्या माणसाचा जीव कासावीस होतो तो यामुळेच.

म्हणजे आपल्या पेशीत जी रांग, तीच बटाट्याच्या पेशीत! भाचीला मी सांगितलं, बटाट्याला पान नसलं तरी त्याच्या सालीवर बारीक ठिपके असतात, त्यांतून हवा आत-बाहेर जाते. पुसेगावच्या शेतातून टोपलीत आलेला बटाटा मेलेला नसतो. तो साठवलेलं अन्न वापरत, श्वास घेत, कोंब फुटायची वाट बघत बसलेला असतो. म्हणूनच प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधला तर त्याला घाम सुटतो आणि तो कुजतो. कोरड्या, हवेशीर, अंधाऱ्या जागी ठेवला की टिकतो. उजेडात हिरवा पडलेला मात्र खाऊ नये. त्या हिरवेपणाबरोबर सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्यही वाढतं.

कमलाबाईंनी हे सगळं संशोधन केंब्रिजला आल्यापासून अवघ्या चौदा महिन्यांत पुरं केलं. प्रबंध होता टाइप केलेल्या चाळीस पानांचा. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. त्याआधी १९३१ साली जानकी अम्माळ यांनी अमेरिकेत वनस्पतिशास्त्रातली डॉक्टरेट घेतली होती. तेव्हा अगदी पहिली कोण या वादात नको पडूया. विज्ञानात एवढी पदवी घेणाऱ्या भारतीय बायका तेव्हा एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या, आणि त्यांतली एक आपली होती, एवढं पुरे.

केंब्रिजहून आपल्या ताटाकडे

१९३९ साली त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग निघाला होता, त्याच्या त्या प्रमुख झाल्या. मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. १९४७ साली माधव सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. तिथे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी प्राध्यापक म्हणून विद्यार्थ्यांची फळी उभी केली.

आता संशोधनाचा विषय होता गोरगरिबांचं ताट. कडधान्यांचंच बघा. कच्च्या कडधान्यांत प्रथिनं पचू न देणारे काही घटक असतात. वालासारख्या आपल्या कडधान्यांतल्या अशा घटकांवर कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम केलं. नीट शिजवलं की हे घटक बरेचसे निकामी होतात. आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा असो की पावटा, आजी रात्री भिजवून दुसऱ्या दिवशी मऊ शिजवायची, त्यामागे एवढं शास्त्र होतं.

दुसरं काम नीरेवरचं. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतलं. शिंदी-ताडाचा ताजा रस म्हणजे नीरा. ती पहाटेच प्यायची. उन्हं चढली की तिची ताडी होते. का? तर हवेतलं यीस्ट तिच्यात शिरतं आणि प्राणवायूशिवायच साखर मोडून मद्य बनवतं. तोही श्वसनाचाच एक प्रकार, विनाऑक्सिश्वसन! ताज्या नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह असल्याचं कमलाबाईंना दिसलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना ती दिल्यावर त्यांची तब्येत सुधारल्याचंही त्यांनी नोंदवलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही त्या सल्ला देत.

सगळं गोडच झालं असं नाही. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद त्यांना मिळालं, पण हक्काच्या वेळेपेक्षा चार वर्षं उशिरा. बाई म्हणून डावललं जाणं बंगळूरला संपलं नव्हतं. अट तोंडावर सांगितली जायची ती आता न सांगता लागू होत होती, एवढाच फरक.

तरीही त्या कडवट होऊन बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत काही महिलांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, तीत कमलाबाई हिरिरीने उतरल्या. १९८२-८३ साली त्या अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्या ग्राहकांसाठी लिहीत. भेसळ ओळखणं, वजन-माप तपासणं, हे प्रत्येक गृहिणीला आलं पाहिजे असा या चळवळीचा आग्रह होता. केंब्रिजची डॉक्टरीण बाई किराणा दुकानाच्या वजनकाट्यापर्यंत आली, आणि यात तिला कमीपणा वाटला नाही. आपण सांगली-साताऱ्याच्या बायका, घरची हळद वापरणाऱ्या. तरी विकतची हळद आणली तर चमचाभर पाण्याच्या ग्लासात टाकून बघा. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. रंग घातलेली असेल तर पाणी गडद पिवळं होतं.

१९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता. परिषदेच्या प्रमुखपदी तोवर एक स्त्री, डॉ. सत्यवती, येऊन गेल्या होत्या. ज्या काळात बाईला प्रयोगशाळेचं दार उघडत नव्हतं, तो काळ किती मागे पडला होता बघा! त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या, आणि थोड्याच दिवसांत गेल्या. त्यांच्या जन्मदिवशी, १८ जून २०२३ रोजी, गूगलने आपल्या पानावर त्यांचं चित्र लावलं होतं. कितीजणींनी ते पाहून कोण बरं या बाई, असं विचारलं असेल!

मटकी आणि काडी

आता हरिपूरला परत येते. मी कोण मोठी, दादाला उपदेश करणारी? मला स्वतःला सायन्स घेता आलं नव्हतं. घरून कुणी अटही घातली नव्हती. आमच्यात मुली सायन्स घेत नाहीत, असं म्हणून विषयच मिटवला होता. अट घालायची वेळही आली नव्हती माझ्यावर!

म्हणून मी बोलले नाही. रात्री भाचीला घेऊन एक उद्योग केला. मोड आलेली मूठभर मटकी काचेच्या बरणीत घातली, झाकण घट्ट लावलं आणि दुसरी बरणी तशीच रिकामी, झाकण लावून शेजारी ठेवली. सकाळी दादा चहा पीत बसला होता तिथे दोन्ही बरण्या आणल्या. झाकण सरकवून जळती काडी आधी रिकाम्या बरणीत सोडली. ती जळत राहिली. दुसरी काडी मटकीच्या बरणीत सोडली. आत जाते न जाते तोच ती विझली.

दादाने कप खाली ठेवला. भाचीने त्याला समजावून सांगितलं, की मटकीने रात्रभर श्वास घेतला, आतला प्राणवायू वापरला, म्हणून काडी विझली. दादा बराच वेळ बरणीकडे बघत होता. मग म्हणाला की आपल्या पेवातल्या कंदिलासारखंच की हे. मी म्हटलं, हो, तेच. आणि मग त्याला कमलाबाईंची गोष्ट सांगितली, रामन यांच्या तीन अटींसकट. अटी सांगताना मी त्याच्याकडे बघितलं नाही. तो काही बोललाही नाही.

निघायच्या दिवशी बॅग भरत होते तेव्हा बाहेरून त्याचा आवाज आला. भाचीला विचारत होता, अकरावीचं प्रॅक्टिकल असतं त्या दिवशी किती वाजता सुटतं, आणि सहाला सुटत असेल तर आपण गाडी घेऊन न्यायला येऊ. अट गेली नव्हती अजून. पण बाप तिच्या वेळेला आपली वेळ जुळवून बघत होता. मला केंब्रिजचं ते टेबल आठवलं.

मैत्रिणींनो, आपल्या घरातही दहावीची एखादी मुलगी असेल. तिला शिकू देतो असं आपण म्हणतो तेव्हा पुढे ‘पण’ लावतो का, हे जरा तपासून बघा. आणि आज संध्याकाळी मोडाची मटकी घरात असेल तर मूठभर बरणीत घालून ठेवा. सकाळी काडी तुमच्या देखरेखीखाली तिलाच सोडू द्या.